पूर्वसंहिता आणि पवित्र संहिता : प्रभावाच्या पुराव्याचा प्रश्न

'प्रभाव' ही संज्ञा आपल्या समीक्षाव्यवहारात इतकी सैल झाली आहे, की तिच्या पोटात किमान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात. दोन संहितांमधले साम्य, त्या संहितांच्या निर्मात्यांमध्ये असू शकणारा संपर्क आणि एका संहितेतून दुसरीचा झालेला उद्भव या तिन्ही गोष्टींना आपण एकच नाव देतो. पहिली गोष्ट दाखवली की दुसरी गृहीत धरली जाते आणि तिसरी सिद्ध झाल्याच्या थाटात निष्कर्ष काढले जातात. ललित वाङ्मयाच्या बाबतीत या घोटाळ्याने फारसे नुकसान होत नाही. कोणा कवीवर कोणाचा प्रभाव होता याची चर्चा चुकली तरी त्या कवीची कविता शिल्लक राहते. मात्र जी संहिता एखाद्या समाजाने ईश्वरी वाणी म्हणून स्वीकारली आहे, तिच्याबाबतीत 'प्रभाव' हा शब्द उच्चारताच श्रद्धावंताला तो अधिक्षेप वाटतो आणि विरोधकाला ते शस्त्र वाटते. दोघांचाही समज एकच असतो : जे दुसरीकडून आले ते आपले नव्हे.

ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या पूर्वसंहितांचा जो शोध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालू आहे, तो या दृष्टीने वाङ्मयाच्या अभ्यासकाला फार उद्बोधक ठरतो. प्रभावाचा पुरावा कशाला म्हणावे आणि तो मिळाल्यावर त्याचे काय करावे, हे दोन्ही प्रश्न तेथे जितक्या निकराने लढवले गेले तितके अन्यत्र क्वचितच लढवले गेले असतील. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की प्रभावाचा पुरावा मोठ्या कल्पनांत सापडत नाही. तो सापडतो नव्या संहितेला ज्याची गरज नव्हती अशा लहानसहान तपशिलात. आणि प्रभावाचा अर्थ सापडतो तो जे बदलले गेले त्यात. उगमशोधक पहिल्यापाशी थांबतो, श्रद्धावंत भाष्यकार दुसऱ्याच्या आश्रयाने पहिले नाकारतो. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय संहिता वाचल्यासारखी होत नाही.

या वादाचा आरंभ सांगायचा तर ३ डिसेंबर १८७२ या दिवसापासून सांगावा लागतो. त्या दिवशी लंडनच्या 'सोसायटी ऑफ बिब्लिकल आर्किऑलॉजी'पुढे जॉर्ज स्मिथ याने एक निबंध वाचला. स्मिथ हा विद्यापीठीय पंडित नव्हता. चलनी नोटांच्या ठशांचे कोरीवकाम शिकलेला, जेवणाच्या सुटीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन स्वतःच्या हिमतीवर कीलाकार लिपी आत्मसात केलेला हा माणूस. निनवे येथील असुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहातून आलेल्या हजारो तुटक्या मृत्पट्टिका साफ करून जुळवण्याचे काम त्याच्याकडे होते. त्यांतील एका पट्टिकेत डोंगरावर टेकलेल्या जहाजाचा आणि जहाजातून सोडलेल्या, पण विसावा न मिळाल्याने परतलेल्या कबुतराचा उल्लेख त्याला आढळला. आज आपण जिला गिल्गमेश महाकाव्याची अकरावी पट्टिका म्हणतो ती हीच. निबंधवाचनाला पंतप्रधान ग्लॅडस्टन स्वतः उपस्थित होते, यावरून त्या क्षणाचे सार्वजनिक महत्त्व कळावे. 'डेली टेलिग्राफ'ने हजार गिनी देऊन स्मिथला १८७३ मध्ये निनवेला पाठवले आणि तेथे त्याला प्रलयकथेचा आणखी एक तुकडा खरोखरच सापडला. वस्तुतः तो तुकडा गिल्गमेशचा नव्हताच, 'अत्राहसीस' या वेगळ्या आणि अधिक जुन्या काव्याचा होता. हे पुढे स्पष्ट झाले. १८७६ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, स्मिथ अलेप्पोला मरण पावला.

आता 'प्रलयाच्या कथा सर्वत्रच असतात' हा आक्षेप घेणाऱ्याला काय उत्तर द्यावे? भारतीय वाचकाच्या मनात शतपथ ब्राह्मणातील मनु आणि मत्स्याची कथा लगेच उभी राहते, आणि ती येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. तेथेही एकाच माणसाला पूर्वसूचना मिळते, नौका बांधली जाते, ती उत्तरेकडील पर्वताला लागते आणि पाणी ओसरल्यावर यज्ञ होतो. मोठ्या रेषांनी पाहिले तर तिन्ही कथा एकच. परंतु सूचना, नौका, पर्वत आणि कृतज्ञतेचे हवन या गोष्टी प्रलयातून कोणाला वाचवायचे ठरले की आपोआप येणाऱ्या आहेत. शिवाय यज्ञाचे कर्मकांड समजावून सांगणे हेच ज्या ग्रंथाचे प्रयोजन, त्यात मनुने तूप, दही वगैरेंची आहुती द्यावी आणि त्यातून इडा प्रकट व्हावी, यात परके असे काही नाही. एवढ्या साम्यावरून उद्भव सिद्ध होत नाही. नाकारलाही जात नाही, पण पुरावा म्हणून त्याचे मोल अल्प आहे.

उत्पत्ती या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाची आणि अकराव्या पट्टिकेची गोष्ट निराळी. पाणी ओसरले की नाही हे पाहण्यासाठी पक्षी सोडणे ही युक्ती कथेला अपरिहार्य नाही. नोहाने तारवाच्या छपरावरून नुसते पाहिले असते तरी चालले असते, आणि त्याच अध्यायात पुढे तो आच्छादन काढून तसे पाहतोही. तरीही दोन्ही संहितांत पक्षी आहेत, एकाहून अधिक आहेत, आणि क्रमाने सोडलेले आहेत : बाबिलोनी काव्यात कबूतर, पाकोळी आणि शेवटी डोमकावळा, तर हिब्रू संहितेत आधी डोमकावळा आणि मग तीनदा कबूतर. क्रम उलटला, पाकोळी गळाली, पण युक्ती राहिली. अशा अनावश्यक तपशिलाला स्वतंत्र उद्भवाचा न्याय लावता येत नाही.

याहून बोलका तपशील प्रलयोत्तर होमाचा आहे. बाबिलोनी कथेत देव त्या होमाच्या वासाने माश्यांसारखे गोळा होतात. ही उपमा उपहासाची असली तरी तिच्यामागे कठोर तर्क आहे. माणसे देवांना अन्न पुरवण्यासाठीच निर्माण झालेली होती, ती बुडाली तेव्हा देवांची उपासमार झाली, म्हणून आता ते तुटून पडतात. उत्पत्तीतला देव भुकेला नाही, त्याला कोणी अन्न देण्याचा प्रश्नच नाही. तरीही नोहाच्या होमाचा सुवास परमेश्वराने घेतला असे तेथे म्हटले आहे. यावर असे म्हणता येईल, आणि म्हटले गेलेही आहे, की 'सुवास' ही हिब्रू यज्ञविधीतील रूढ परिभाषाच आहे, लेवीय या पुस्तकात ती पदोपदी येते. हे खरे आहे. पण प्रश्न शब्दाचा नसून त्याच्या जागेचा आहे. प्रलय संपताच होम, होमाचा वास, आणि त्या वासाच्या पाठोपाठ 'पुन्हा असे नाही' हा दैवी निश्चय ही साखळी दोन्हीकडे सारखी आहे. एका कथेत तिला कारण आहे, दुसरीत कारण काढून टाकले आहे आणि साखळी मात्र तशीच राहिली आहे. कारण गेलेला परंतु टिकून राहिलेला तपशील हा संहितेच्या स्मृतीचा वण असतो.

येथवर उगमशोधक. आता बदलाकडे पाहू. 'अत्राहसीस' हे काव्य इ.स.पू. सतराव्या शतकातील प्रतीत उपलब्ध आहे. डब्ल्यू. जी. लँबर्ट आणि ए. आर. मिलर्ड यांनी १९६९ मध्ये त्याची संपादित आवृत्ती काढली तेव्हा या चर्चेचे स्वरूपच पालटले. कारण गिल्गमेशमध्ये प्रलय ही कथेतली उपकथा आहे आणि देवांनी तो का आणला हे तेथे जवळजवळ सांगितलेलेच नाही. 'अत्राहसीस'मध्ये मात्र मानवनिर्मितीपासून प्रलयापर्यंत सलग कथा आहे, म्हणजे उत्पत्तीच्या पहिल्या नऊ अध्यायांची चौकट आहे. तेथे माणसे वाढत जातात, त्यांचा गलका असह्य होतो, एन्लिल देवाची झोपमोड होते. रोगराई, अवर्षण आणि दुष्काळ हे उपाय थकल्यावर प्रलय येतो. प्रलयानंतरची तडजोडही लोकसंख्येची आहे : काही स्त्रिया वांझ राहतील, तान्ही मुले पळवणारी एक राक्षसी असेल, काही वर्गांतील स्त्रियांना देवसेवेसाठी अपत्यहीन राहावे लागेल. देवांची आणि माणसांची भांडणे संपतात ती कुटुंबनियोजनावर, असे म्हणण्याचा मोह होतो.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ याच ठिकाणी होतो आणि तो नेमका उलटा आहे. नोहाला मिळणारी पहिली आज्ञा फलद्रूप होण्याची, पृथ्वी भरून टाकण्याची आहे. टिकवा फ्रायमर-केन्स्की यांनी १९७७ मधील आपल्या निबंधात या विरोधाकडे लक्ष वेधले आणि त्यातून एक लक्षणीय निष्कर्ष काढला. हिब्रू लेखकाने समस्येची जागा बदलली. माणसे फार झाली ही समस्या नाही, माणसांनी पृथ्वी हिंसेने भरली ही समस्या आहे. म्हणून प्रलयानंतर येतो तो कायदा : रक्तासह मांस खाऊ नये, आणि माणसाचे रक्त सांडणाऱ्याचे उत्तरदायित्व टळणार नाही. गलक्याच्या जागी हिंसा, जन्मनियंत्रणाच्या जागी विधिनियम. पूर्वसंहिता ठाऊक नसेल तर नवव्या अध्यायातील बहुप्रसवाची आज्ञा हा नुसता आशीर्वाद वाटतो. ती ठाऊक असेल तर तो प्रतिवाद म्हणून ऐकू येतो. प्रभावाच्या अभ्यासाने मूळ संहिता लहान होते असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे.

ही कथा हिब्रू लेखनिकांपर्यंत कशी पोचली, याविषयी दोन मते आहेत. एक मत इ.स.पू. सहाव्या शतकातील बाबिलोनमधील निर्वासनाकडे बोट दाखवते. दुसरे मत त्याहून बरेच मागे जाते, आणि त्याला मगिद्दो येथे सापडलेल्या गिल्गमेशच्या एका लहान तुकड्याचा आधार आहे. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला तो तुकडा इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो, म्हणजे इस्राएलच्या राजवटीच्या कित्येक शतके आधी कनानात हे काव्य गिरवले जात होते. मला या दोहोंत निवड करण्याची निकड वाटत नाही. उत्पत्तीतली प्रलयकथा दोन धाग्यांनी विणलेली आहे : एकात शुद्ध पशूंची सात-सात जोडपी आणि चाळीस दिवस, दुसऱ्यात सर्वांची एकेक जोडी आणि दीडशे दिवस. दोन धागे एकाच वेळी, एकाच वाटेने आले असतील असे मानण्याचे कारण नाही.

दुसरे उदाहरण इजिप्तचे आहे, आणि मला ते पहिल्याहून अधिक मोलाचे वाटते. कारण तेथे सारा वाद एका शब्दाच्या स्वरांवर येऊन ठेपतो. ब्रिटिश म्युझियमसाठी वॉलिस बज यांनी १८८८ साली थीब्ज येथे एक पपायरस मिळवला. त्यात अमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या मुलाला केलेला उपदेश आहे, आणि त्याचे क्रमांक घातलेले तीस अध्याय आहेत. बज यांनी तो १९२३ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, बर्लिनच्या आडोल्फ एर्मान यांनी नीतिसूत्रे या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायाच्या सतराव्या वचनापासून पुढचा भाग या उपदेशाशी ताडून दाखवला. दरिद्र्याला लुबाडू नये, तापट माणसाशी संगत करू नये, मेर सरकवू नये, श्रेष्ठांच्या पंक्तीला बसून अधाशीपणा करू नये ही वचने दोन्हीकडे आहेत. परंतु असा उपदेश जगातला कोणताही बाप कोणत्याही मुलाला करील. एवढ्यावर उद्भव सिद्ध झाला असता तर पंचतंत्राचा उगमही नाईलकाठी शोधावा लागला असता.

एर्मान यांची खरी कामगिरी बाविसाव्या अध्यायातील विसाव्या वचनाबाबत आहे. मी तुझ्यासाठी लिहून ठेवले नाही काय, असे तेथे उपदेशक विचारतो. काय लिहून ठेवले? हिब्रू लिपीत व्यंजने लिहिली जात, स्वरचिन्हे कित्येक शतकांनी मासोरा पंडितांनी घातली. मूळ पाठात जी अक्षरे आहेत ती 'शिल्शोम' अशी वाचली तर अर्थ होतो 'परवा'. हा शब्द एरवी 'काल' या अर्थाच्या शब्दाच्या जोडीने 'पूर्वी' या अर्थी येतो, एकटा येथे तो विचित्र दिसतो. पंडितांनी समासात सुचवलेला पाठ 'शालिशीम' असा, म्हणजे सरदार किंवा सेनाधिकारी. त्यावरून ओढूनताणून 'श्रेष्ठ वचने' असा अर्थ करण्यात आला. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरकारांनी धातूतला 'तीन' पकडून 'तिहेरी' असे भाषांतर केले. दोन हजार वर्षे हे वचन अडखळत होते. एर्मान यांनी सुचवले, की स्वर बदलून 'श्लोशीम' वाचा : तीस. मी तुझ्यासाठी तीस वचने लिहून ठेवली नाहीत काय? अमेनेमोपेच्या अखेरच्या अध्यायात या तीस अध्यायांकडे पाहा असे सांगितलेले आहे. दूरच्या भाषेतील संहितेने हिब्रू संहितेतले एक कुलूप उघडले. पुष्कळ आधुनिक भाषांतरांनी हा पाठ स्वीकारला आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले तेही १९२४ मध्येच. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या होत्या, त्यामुळे हा पाठ त्यांच्यापुढे येणे शक्यच नव्हते. हा योगायोग मराठी पाठचिकित्सकाने नोंदवून ठेवावा असा आहे.

अर्थात एका शोधाच्या आनंदात पाठचिकित्सा कोठवर वाहवत जाते, हेही याच प्रकरणात दिसते. तेविसाव्या अध्यायात मेर सरकवण्याचा निषेध पुन्हा आला आहे. तेथे 'पुरातन मेर' असे शब्द आहेत, अमेनेमोपेत 'विधवेची मेर' आहे. हिब्रूत 'पुरातन' आणि 'विधवा' हे शब्द काहीसे जवळचे दिसतात, म्हणून हिब्रू पाठ इजिप्शियन पाठाबरहुकूम दुरुस्त करावा अशी सूचना पुढे आली. येथे मात्र मी थांबेन. 'शिल्शोम'पाशी संहिता स्वतः अडखळत होती, दुरुस्ती तिने मागितली होती. 'पुरातन मेर' ही अर्थपूर्ण पदावली आहे, ती बाविसाव्या अध्यायातही आलेली आहे. मूळ सापडले म्हणून नव्या संहितेला मुळाची नक्कल करायला लावणे हा प्रभावाच्या अभ्यासाचा विपर्यास होय. उलट दिशेनेही असा अतिरेक झालेला आहे. एत्येन द्रिओतों यांनी १९५० नंतरच्या दशकात अमेनेमोपेच मुळात एखाद्या सेमिटिक ग्रंथावरून बेतला असावा असे मांडले, आणि १९६१ मध्ये रोनाल्ड विल्यम्स यांनी इजिप्शियन भाषेच्या अंगाने ते खोडून काढले. जॉन रफल यांनी तर १९७७ मध्ये प्रत्यक्ष संबंधाविषयीच शंका घेतल्या. त्यांच्या शंका साम्यांच्या यादीपुरत्या ग्राह्य आहेत, 'तीस'चे स्पष्टीकरण मात्र त्यांनी डळमळत नाही.

आणि पुन्हा बदल. अन्यायाने मिळवलेली संपत्ती अमेनेमोपेत हंसबदकांसारखे पंख लावून आकाशात उडून जाते. नाईलच्या दलदलीत थव्याने उठणारी बदके रोज पाहणाऱ्याची ती प्रतिमा आहे. हिब्रू वचनात संपत्तीला पंख फुटतात ते गरुडाचे, किंवा त्या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाप्रमाणे गिधाडाचे. यहूदाच्या डोंगराळ मुलखातला लेखनिक बदकांचे काय करणार? मेर सरकवणाऱ्याला इजिप्तमध्ये चंद्रदेवता पकडते. हिब्रूत तिच्या जागी 'गोएल' येतो. मराठीत आपण त्याला 'उद्धारक' म्हणतो, परंतु मूळ शब्द कायद्याचा आणि कुळाचा आहे : आप्ताची विकली गेलेली जमीन सोडवून घेण्याचा ज्याच्यावर भार आहे असा भाऊबंद. अनाथांच्या शेताला ज्याचे कोणी नाही त्याचा भाऊबंद परमेश्वर होतो. चंद्राच्या जागी नुसता दुसरा देव बसवलेला नाही, देवाला कुळकायद्यातली जबाबदारी दिली आहे. हा बदल भाषांतरकाराचा नव्हे, कवीचा आहे.

नीतिसूत्रांचा संकलक परक्याकडून घेताना संकोचत नव्हता, हे त्या पुस्तकातच उघड आहे. आगूर आणि लमुवेल राजा यांची वचने तेथे त्यांच्या नावानिशी आहेत, आणि हे दोघे इस्राएली नसावेत असे बहुतेकांचे मत आहे. वर सांगितलेल्या तीस वचनांच्या भागातच, तेविसाव्या अध्यायात, मुलाला छडी लावण्याविषयीचे जे वचन आहे त्याचे जुळे भावंड अहीकारच्या अरामी नीतिवचनांत आहे. नाईलमधील एलेफंटाइन बेटावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचा इ.स.पू. पाचव्या शतकातला पपायरस सापडला. हा अहीकार पुढे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांना मान्य असलेल्या तोबीत या पुस्तकात नायकाचा पुतण्या होऊन अवतरतो. असीरियाच्या दरबारातील एक कथानायक ज्यू कुटुंबात दत्तक गेला, असेच म्हणायचे.

हे सर्व पाहता प्रभावाची चर्चा एवढी कडवट का व्हावी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर १९०२ साली मिळते. त्या वर्षीच्या १३ जानेवारीला बर्लिनमध्ये कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या उपस्थितीत असीरियाविद फ्रिड्रिख डेलिच यांनी 'बाबेल आणि बायबल' या विषयावर व्याख्यान दिले. आरंभीचा सूर बायबलच्या स्पष्टीकरणासाठी बाबिलोनचे साहाय्य असा होता. पुढच्या व्याख्यानांत तो बाबिलोन श्रेष्ठ, बायबल उसने असा झाला, आणि १९२० मध्ये 'महान फसवणूक' या अर्थाच्या नावाने डेलिच यांनी जे पुस्तक काढले त्यात जुना करार ख्रिस्ती परंपरेतून बाजूला सारण्याची भाषा उघडच ज्यूद्वेषाची होती. न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन शेख्टर यांनी १९०३ मध्येच उच्चस्तरीय चिकित्सेला उच्चस्तरीय ज्यूद्वेष म्हटले होते. शेख्टर यांचा आरोप सर्व चिकित्सेला लागू करणे अन्यायाचे होईल, पण त्यांनी दुखरी नस अचूक ओळखली होती. 'हे तुमचे नाही' हे वाक्य ग्रंथाविषयी उच्चारले जाते तेव्हा ते लवकरच ग्रंथ बाळगणाऱ्या माणसांविषयी उच्चारले जाते.

विशेष म्हणजे ज्या साम्याचा तेव्हा सर्वाधिक गाजावाजा झाला ते पुढे फारसे टिकले नाही. हेर्मान गुंकेल यांनी १८९५ मध्ये उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील आदिजलाचा 'तेहोम' हा शब्द आणि 'एनुमा एलिश' या बाबिलोनी सृष्टिकाव्यातील 'तिआमत' ही जलदेवता यांचा संबंध जोडला होता. शब्द सजातीय आहेत, पण हिब्रू शब्द बाबिलोनी शब्दावरून थेट घेतला असता तर त्यातील 'ह' आणि शब्दाचे रूप यांचा खुलासा होत नाही. दोन्ही शब्द एका समान सेमिटिक मुळाचे वंशज ठरतात. गुंकेल यांची मूळ दृष्टी, म्हणजे हिब्रू काव्यात समुद्राशी झुंजणाऱ्या देवाच्या आठवणी आहेत ही, मात्र खरी ठरली. फक्त पुरावा बाबिलोनहून न येता सिरियाच्या किनाऱ्यावरून आला. १९२९ पासून उगारित येथे उत्खनन झाले आणि बाल देवाने मारलेला लोतान नावाचा सर्प वाचकांपुढे आला. यशयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लिव्याथानाला जी दोन विशेषणे आहेत तीच त्या सर्पाला आहेत, सजातीय शब्दांत, त्याच क्रमाने. सॅम्युएल सँडमेल यांनी १९६२ मध्ये साम्यवेडाविषयी जो इशारा दिला तो अशा ठिकाणी लागू पडत नाही. तो लागू पडतो 'तिआमत'सारख्या ठिकाणी, जेथे कल्पना मोठी आणि पुरावा पातळ असतो.

नव्या कराराकडे वळताना चित्र बदलते, कारण तेथे ऋण उघड सांगितलेले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्सच्या अरीयपगावर बोलताना श्रोत्यांच्याच कवींचा हवाला देतो. ते वचन इ.स.पू. तिसऱ्या शतकातील आरातोसच्या नक्षत्रविषयक काव्यातील आहे, आणि आरातोस हा पौलाप्रमाणेच किलिकियाचा. मूळ काव्यात आपण ज्याची अपत्ये आहोत तो झ्यूस आहे. पौलाच्या भाषणात सर्वनाम तेच राहते, संदर्भ बदलतो. क्रिस्तेवाप्रणीत आंतरसंहितात्मकतेच्या चर्चेत याहून नेमके उदाहरण शोधूनही मिळणार नाही. श्रोत्यांच्या परंपरेचा साचा घेऊन त्यात वेगळे द्रव्य ओतण्याची ही रीत मराठीला अपरिचित नाही. फादर स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले ख्रिस्तपुराण हे त्याच जातीचे. तेथे उसने आले ते कथानक नव्हे, ओवी आणि पुराणाची चौकट आली, आणि हिब्रू-ख्रिस्ती कथेला तिने गोमंतकातील श्रोता मिळवून दिला.

यहूदाच्या लहानशा पत्राचा प्रश्न मात्र आरातोसपेक्षा अवघड आहे. त्याच्या चौदाव्या आणि पंधराव्या वचनांत हनोखाचे भाकीत उद्धृत केले आहे, आणि ते हनोखाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले आहे. आरातोस हा परका कवी म्हणून उद्धृत होतो, हनोख मात्र संदेष्टा म्हणून. मग त्याचे पुस्तक पवित्र मानायचे की नाही? तेर्तुलियनने यहूदाच्या साक्षीच्या आधारे हनोखाचे पुस्तक स्वीकारले. हिएरोनिमस सांगतो, की याच अवतरणामुळे अनेकांनी उलट यहूदाचेच पत्र नाकारले. ऑगस्टीनने यहूदा ठेवला, हनोखाने काही दैवी लिहिले असे मान्य केले, आणि पुस्तक मात्र प्रमाणग्रंथांच्या बाहेरच राहू दिले. अवतरण आत आणि ग्रंथ बाहेर, अशी ती व्यवस्था होती. पश्चिमेकडे तो ग्रंथ हळूहळू नाहीसा झाला. इथिओपियाच्या चर्चने तो आपल्या बायबलमध्ये जपला, आणि तेथून जेम्स ब्रूस याने १७७३ मध्ये त्याच्या गीझ भाषेतील प्रती युरोपात आणल्या. पुढे कुमरानच्या चौथ्या गुहेत त्याचे अरामी तुकडे मिळाले, ते जे. टी. मिलिक यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका फाटक्या तुकड्यावर यहूदाने उद्धृत केलेल्या वचनाचे काही शब्द शिल्लक आहेत.